तगाई ते अनुदान : कागद कुणी लिहिला, नाव कुणाचं लागलं?

सरकारकडून जे काही मिळे, त्या सगळ्याला माझी दादी 'तगई' म्हणायची. रेशनचा गहू तगई, शाळेतली फुकट पुस्तकं तगई. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली होती. तिची मजुरी आणि सोबत मिळणारी सुकडी हीसुद्धा तगईच. आम्ही पोरं हसायचो. पुढे बीएड होऊन उर्दू आणि मराठी शिकवायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की दादीचा शब्द आमच्या 'सबसिडी'पेक्षा कितीतरी जुना आणि पक्का होता.

आमचं गाव दौंड तालुक्यात, भीमेपासून फार लांब नाही. सासुरवाडी शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या बाजूला. दोन्हीकडे चार माणसं एकत्र बसली की बोलणं फिरून एकाच ठिकाणी येतं. दोन हजाराचा हप्ता आला का? ठिबकचं अनुदान जमा झालं का? केवायसी का अडकली? मास्तर म्हणून माझ्याकडे असे अर्ज भरून घ्यायला लोक येतात. हे अर्ज भरता भरताच मला या अनुदानाचा इतिहास शोधावासा वाटला. तो आज सांगतो. त्या इतिहासात आमच्या घरातली एक चूकही बसते. ती माझ्याच हातून झाली आहे, तीही शेवटी सांगतो.

शब्द कुठून आले

'तगाई'चं मूळ रूप 'तक़ावी'. अरबीतल्या 'क़ुव्वत' या शब्दाच्याच घरातला हा शब्द. क़ुव्वत म्हणजे बळ, आणि तक़ावी म्हणजे बळ देणं. पेरणीला बी नाही, बैल मेला, विहीर पडली, अशा वेळी शेतकऱ्याच्या पाठीला सरकारने दिलेला हात, तो तगाई.

शेतकऱ्याचा सरकारशी जो व्यवहार आहे, त्यातले किती शब्द याच वाटेने आले ते पाहा. तालुका, जिल्हा, तहसील, महसूल, अर्ज, मंजूर, दाखला, नक्कल, वसुली, जप्ती, कर्ज, माफी, वारस, नुकसान. हप्ता फारसीतला. खरीप म्हणजे अरबीत शरद ऋतू आणि रब्बी म्हणजे वसंत. पेरणीच्या नव्हे, काढणीच्या ऋतूवरून ही नावं पडली, कारण सारा काढणीनंतर वसूल व्हायचा. आणि 'रयत' म्हणजे जिची राखण करायची ती. मेंढपाळ आणि कळप यांच्या नात्यातून हा शब्द आला. प्रत्येकाला आपल्या रयतेबद्दल जाब द्यावा लागणार, ही हदीसमधली शिकवण आपल्यापैकी अनेकांनी मदरशात ऐकली असेल. आमच्या शेजारच्या माळकरी आजोबांच्या तोंडी हेच शब्द, माझ्या दादीच्या तोंडीही हेच. भाषा कुणाची, हा वाद शेताच्या बांधावर कधी झाला नाही.

मदत जुनी, अडचणही जुनी

चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने पडीक जमीन लागवडीला आणण्यासाठी बियाणं आणि विहिरींसाठी मोठ्या रकमा वाटल्या. या कर्जाला तेव्हा 'सोंधार' म्हणत. पैसा वाटला गेला, पण ठरलेली जमीन लागवडीखाली आलीच नाही. तुघलकानंतर फिरोजशाह गादीवर आला. तेव्हा दोन कोटी टंक येणं बाकी होतं. ते सोडून देण्यात आलं आणि हिशेबाचे कागद दरबारात आणून सर्वांसमोर नष्ट केले गेले, असं तवारीखकार शम्स सिराज अफीफ सांगतो. सरकारी कर्जमाफीचा हा बराच जुना दाखला म्हणता येईल. कर्ज माफ करायचं म्हणजे कागद नाहीसा करायचा, ही समजही तितकीच जुनी.

अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त महसूल अधिकाऱ्याला सूचना आहे की गरजू शेतकऱ्याला पैशाची मदत द्यावी आणि ती हळूहळू परत घ्यावी. शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी कोकणातल्या प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं पत्र तर प्रसिद्धच आहे. ज्याच्यापाशी बैल नाही त्याला बैलासाठी पैसे द्यावेत, खायला धान्य द्यावं, आणि परत घेताना वाढीदिडी न लावता फक्त मुद्दल, तेही त्याच्या ऐपतीप्रमाणे घ्यावं, असा त्याचा आशय. आपण ज्याला 'कर्ज-ए-हसना' म्हणतो, म्हणजे व्याज न घेता दिलेलं कर्ज, त्याच्या फार जवळची ही गोष्ट. कोण कुणाकडून शिकलं हे शोधण्याची गरज नाही. रयत उभी राहिली तरच राज्य उभं राहतं, हे चांगल्या राज्यकर्त्याला सांगावं लागत नाही.

पण या सगळ्या व्यवस्थेत एक अडचण सुरुवातीपासून आहे. मदत दरबारातून निघते आणि शेतापर्यंत पोहोचायला तिला कागदाची वाट धरावी लागते. कागद कोण लिहितो आणि त्यावर कुणाचं नाव घालतो, यावर सगळं ठरतं. हे कुठे सर्वांत स्पष्ट दिसलं असेल तर आपल्याच दोन तालुक्यांत.

कर्डे आणि सुपे

शिरूर तालुक्यातलं कर्डे हे गाव इतिहासाच्या पुस्तकांत गेलं ते डिसेंबर १८७४ मुळे. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध दिवाणी न्यायालयातून हुकूमनामा मिळवला होता. गावाने समजावून पाहिलं, पण सावकार देशमुखांचं घर पाडण्यावर अडून बसला. तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. शेतात कुणी राबेना, पाणी भरेना, हजामत करेना. हा बहिष्कार आजूबाजूच्या गावांत पसरला.

पाच महिन्यांनी, १२ मे १८७५ ला, सुप्याच्या बाजारपेठेत भडका उडाला. आज सुपे बारामती तालुक्यात आहे. त्या वेळी दौंड आणि बारामतीकडचा बराच भाग मिळून भीमथडी तालुका होता आणि सुपे त्यात होतं. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांत शिरले आणि त्यांनी वह्या आणि कर्जरोखे मागितले. दिले तर बरं, नाही तर हिसकावून घेतले, आणि चव्हाट्यावर जाळले. पुढच्या दोन महिन्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतली तीसहून अधिक गावं पेटली. सरकारने लष्कर बोलावलं. ९५१ लोकांना पकडलं. काही ठिकाणी धान्य लुटलं गेलं, घरंही जळाली, पण माणसांवर हात टाकण्यापेक्षा लोकांचं लक्ष कागदांवर होतं.

कारण सरळ होतं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून इथल्या कापसाला भाव आला. सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव पडले, उधारी बंद झाली. त्याच सुमारास तीस वर्षांची जुनी जमाबंदी संपून सारा वाढवला गेला. पाऊस आला काय, न आला काय, सारा रोख भरायचा. शेतकरी सावकाराकडे गेला. सावकाराने रोखा लिहिला. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. त्याने अंगठा दिला. पन्नास घेतले की शंभर, हे ज्याने लिहिलं त्यालाच ठाऊक. दर दोन-तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा व्हायचा, आणि न्यायालय बघायचं ते फक्त रोख्यावरचा आकडा.

कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाजाची नाही, रोज्याची नाही, ती कर्जाची आहे. सूरह बकराची २८२ वी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, आणि मजकूर सांगावा तो कर्ज घेणाऱ्याने, असा तिचा आशय आहे. कर्ज घेणाऱ्याने! या एका अटीत किती शहाणपण आहे ते सुप्याची हकीकत वाचल्यावर मला कळलं. सुप्यात मजकूर सांगणारा आणि लिहिणारा दोन्ही सावकारच होता.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. जमावाचा राग मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर निघाला. तोच धंदा करणारे स्थानिक सावकार अनेक ठिकाणी वाचले. सारा वाढवणारं सरकार तर दूरच राहिलं. अन्याय खरा असतानाही जमाव जवळचा आणि 'बाहेरचा' दिसणारा माणूस शोधतो. आपल्या समाजाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

कागदाला कागदानेच उत्तर

सरकारने दख्खन दंग्यांची चौकशी करायला आयोग नेमला. अहवाल येईपर्यंत १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ पडून गेला. १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. रोख्यावर आकडा काहीही असो, मूळ व्यवहार काय झाला ते न्यायाधीशाने तपासावं, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, आणि शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत, अशा त्यात तरतुदी होत्या. खोट्या कागदाला सरकारने खऱ्या कागदाने उत्तर दिलं. सावकारांनी वाट काढलीच. ते गहाणखताच्या जागी सरळ खरेदीखत मागू लागले. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला, त्यात अक्षरशून्य शेतकरी कचेरीत कसा नागवला जातो ते आलं आहे. तो माणूस याच जिल्ह्यातला होता, याच काळातला होता.

त्याच वर्षी, १८८३ मध्ये, जमीन सुधारणा कर्जाचा आणि १८८४ मध्ये शेतकरी कर्जाचा कायदा झाला. पहिला विहीर, ताल, बांधबंदिस्ती यांसाठी, दुसरा बी, बैल आणि दुष्काळातली नड यांसाठी. लोकांनी दोन्हींना एकच नाव ठेवलं, तगाई. मोगलांचा शब्द इंग्रजांच्या कायद्याला चिकटला आणि माझ्या दादीपर्यंत पोहोचला. पण तगाईला तारण लागे, जामीन लागे. ज्याच्या नावावर जमीन, त्यालाच ती मिळे. दुसऱ्याची जमीन वाट्याने करणारा पुन्हा सावकाराच्या दारात.

पुढे १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्था आल्या. १९१७ मध्ये पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक उभी राहिली. गावोगावी सोसायट्या झाल्या. 'सोसायटी उचलली' आणि 'सोसायटी भरली' हे शब्दप्रयोग आज दौंड-शिरूरच्या बोलीचाच भाग आहेत. सावकाराचा पाश या सोसायट्यांनी खरोखर सैल केला. पण सोसायटीचा सभासद व्हायलाही सातबारा लागतोच.

कसेल त्याची जमीन, आणि नंतर

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचा १९४८ चा कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने मालक मानला गेला. भारताच्या शेतीच्या इतिहासातला हा फार मोठा दिवस. कित्येक घरांत त्या दिवसापासून आपल्या नावाचा सातबारा आहे.

पण याच कायद्याची एक सावली आहे. कूळ मालक होऊ शकतं म्हटल्यावर जमीनमालक सावध झाले. त्यानंतर कुणाला जमीन कसायला दिली तर लिहून द्यायची नाही, हा अलिखित नियम झाला. आज आपल्याकडे कितीतरी जमीन अर्धेलीने, वाट्याने, खंडाने कसली जाते. त्यातला जवळपास सगळा व्यवहार तोंडी असतो. म्हणजे ज्या कायद्याने एका पिढीच्या कसणाऱ्यांना मालक केलं, त्याच्याच भीतीने पुढच्या पिढीचे कसणारे कागदावरून गायब झाले.

आपल्या समाजातल्या काही घरांची गोष्ट याहून थोडी निराळी आहे. दख्खनच्या गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदार होता. त्याला सेवेच्या बदल्यात जमीन असे. मशीद, दर्गा आणि मंदिर यांनाही इनाम जमिनी होत्या. शिरूर तालुक्यातल्या पाबळला मस्तानीची कबर आहे. ते गाव बाजीरावांनी तिला दिलेल्या इनाम गावांपैकी एक. व्यक्तींची इनामं स्वातंत्र्यानंतर कायद्याने गेली. देवस्थान इनामं मात्र राहिली. अशा जमिनीवर मालक म्हणून देवस्थानचं किंवा मशिदीचं नाव असतं, आणि पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्याचं नाव वहिवाटदार म्हणून. व्यक्तीच्या मालकीवर बेतलेल्या योजना तिथे अडखळतात. ही अडचण मुजावराच्या घरी आहे तशीच गुरवाच्याही घरी आहे.

आजची तगाई

आता आजच्या अनुदानांकडे येऊ. केंद्राची किसान सन्मान निधी योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाली. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. राज्याने २०२३ मध्ये 'नमो शेतकरी' योजनेतून आणखी ६,००० रुपयांची भर घातली. ठिबक आणि तुषार सिंचनाला आपल्या राज्यात अल्पभूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफ आहे. २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफ्या झाल्या. २०१७ च्या माफीला शिवाजी महाराजांचं नाव होतं, २०१९ च्या माफीला जोतीराव फुल्यांचं.

यातली सर्वांत मोठी पण कुणाच्या लक्षात न येणारी मदत खताच्या गोणीत असते. ४५ किलोची युरियाची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना पडते. तिचा खरा खर्च कितीतरी जास्त आहे, फरक सरकार कंपनीला भरतं. या मदतीसाठी दुकानात आधारवर अंगठा द्यावा लागतो, पण सातबारा दाखवावा लागत नाही. म्हणून ती वाट्याने कसणाऱ्यालाही मिळते. बाकी बहुतेक योजना सातबारा बघतात.

सन्मान निधीचंच उदाहरण घ्या. १ फेब्रुवारी २०१९ या दिवशी ज्याचं नाव जमिनीच्या दप्तरात होतं, तो पात्र. त्यानंतर वारसाहक्काने नाव लागलं तर चालतं. खंडाने कसणाऱ्याला ही योजना नाही. संस्थेच्या नावावरच्या जमिनीला नाही. शेतात राबणाऱ्या मजुराला अर्थातच नाही. आता ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आला आहे, आणि तोही जमिनीच्या दप्तरालाच जोडलेला आहे. दलाल कमी झाले, पैसे थेट खात्यात येतात, हा मोठा फायदा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण यंत्राला दिसतं ते दप्तरातलं नाव. नांगरामागे कोण चालतं ते त्याला दिसत नाही.

१८७५ मध्ये या भागातला शेतकरी कागद हिसकावून जाळत होता, कारण कागदावर त्याचं नाव होतं. आज त्याची नात तहसीलच्या आवारात झेरॉक्सच्या रांगेत उभी असते, कारण कागदावर तिचं नाव नाही.

फुफीचा कांदा

आता आमच्या घरची गोष्ट.

आजोबांची पाच एकर जमीन होती. त्यांना दोन मुलगे, एक माझे वडील आणि दुसरे चाचा, आणि एक मुलगी, माझी फुफी. दादी आधीच वारली होती. आजोबा गेले तेव्हा मी नुकताच बीएड झालो होतो. घरात अक्षर चांगलं असलेला मीच. वारसनोंदीचा अर्ज लिहायला मला बसवलं. मी वारस म्हणून दोन मुलगे लिहिले. फुफीचं नाव मी लिहिलं नाही. नको लिहू असं मला कुणी सांगितलं नव्हतं. लिहू का असं मीही विचारलं नाही. मुली सासरी जातात, त्यांचं नाव लागत नसतं, इतकंच डोक्यात होतं. फेरफार झाला. सगळ्यांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

काही वर्षांनी फुफी विधवा होऊन माहेरी परतली. वडील आणि चाचा तोवर नोकरी-धंद्यासाठी शहरात गेले होते. जमीन तीच बघू लागली. आजही तीच बघते. पहाटे पाण्याची पाळी धरणारी ती, खुरपायला बाया गोळा करणारी ती. दोन्ही भावांना सन्मान निधीचा हप्ता येतो. तिला येत नाही.

२०२३ च्या सुरुवातीला कांद्याचे भाव कोसळले, तेव्हा राज्य सरकारने क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, १ फेब्रुवारी ते ३१ मार्चच्या दरम्यान विकलेल्या कांद्याला. फुफीचा कांदा ४० क्विंटल. अनुदान झालं १४,००० रुपये. विक्रीची पट्टी तिच्या नावाची होती. सातबारा भावांच्या नावाचा. अशा वेळी कुटुंबाचं शपथपत्र घ्यायचं आणि पैसे सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात टाकायचे, असा नियम होता. शपथपत्रही मीच लिहिलं. पैसे चाचांच्या खात्यात गेले. चाचा प्रामाणिक माणूस. पुढच्या ईदला गावी आले तेव्हा त्यांनी सगळी रक्कम पाकिटात घालून बहिणीच्या हातात दिली.

फुफीने पाकीट घेतलं, दुआ दिली, आणि चुलीपुढे बसून मला हळूच म्हणाली, "देख बेटा, मेरेच कांदे की ईदी मेरे को मिली."

ती हसत होती. माझ्या मनात मात्र सूरह बकराची तीच आयत आली, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं. सुप्याच्या सावकाराबद्दल वाचताना मी चिडलो होतो. पण ज्याला लिहिता येतं त्याने, ज्याला बोलावलंच नाही त्याच्या वतीने लिहिलं, हे तर मीही केलं होतं. माझ्या मनात लबाडी नव्हती, एवढाच फरक. फुफीच्या खात्यात जमा काय झालं, याने त्यात फरक पडत नाही.

शरियतप्रमाणे मुलाला दोन हिस्से आणि मुलीला एक. आमच्या घरात दोन, दोन आणि एक, म्हणजे पाच हिस्से. पाच एकर आणि पाच हिस्से. इतकं सोपं गणित मी शाळेत पाचवीच्या मुलांना घालतो. १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे, यावर आपल्यात वाद घालणारे पुष्कळ आहेत. पण आमच्या फुफीला शून्य देणारा नियम ना शरियतेत होता, ना देशाच्या कायद्यात. तो फक्त आमच्या सवयीत होता. आणि ही सवय एकट्या मुसलमानांची नाही. आमच्या शेजारी रक्षाबंधनाला साडी घेऊन हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या कितीतरी बहिणी आहेत.

अर्ज

गेल्या वर्षी मी वडिलांना आणि चाचांना एकत्र बसवलं. वडील आधी गप्प राहिले. मग म्हणाले, "हे आम्हाला तेव्हाच सुचायला पाहिजे होतं." चाचांनी विचारलं, तिला हवं आहे का ते तिला विचारलंस का? बरोबर होतं. पहिल्या वेळीही मी विचारलं नव्हतं आणि दुसऱ्या वेळीही विचारायच्या आधीच ठरवत होतो. मग फुफीला विचारलं. तिने दोन दिवस घेतले. तिला भीती होती की भाऊ दुरावतील. दोन्ही भावांनी तिच्यासमोर सांगितल्यावर ती हो म्हणाली.

नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज आम्ही दिला आहे. या वेळी मजकूर फुफीने सांगितला आणि मी लिहिला. सही करायच्या आधी तिला पूर्ण वाचून दाखवला. एका ठिकाणी तिने मला थांबवलं. मी 'विधवा बहीण' असं लिहिलं होतं. ती म्हणाली, "बेटी लिख. मैं बाप की जमीन मांग रही, भाई की खैरात नहीं." मी खोडून 'मयताची मुलगी' असं लिहिलं. काम सावकाश चाललं आहे, पण चाललं आहे.

वाचकहो, सरकारने खंडकऱ्याला, मजुराला, वहिवाटदाराला योजनांत घ्यावं, ही मागणी आपण केलीच पाहिजे, आणि ती जातधर्म न बघता सगळ्यांनी मिळून केली पाहिजे. पण सरकारची वाट न पाहता आज संध्याकाळी आपल्याला एक काम करता येईल. महाभूलेखवर आपल्या घरचा सातबारा उघडा. त्यावरची नावं मोठ्याने वाचा. त्या जमिनीत कोण राबतं आणि कुणाचा हिस्सा आहे, ते आठवा. वारलेल्या माणसांची नावं अजून असतील तर वारसनोंद करा. आणि अर्ज लिहिताना घरातल्या मुलींची नावं आधी विचारा. तुमचं अक्षर चांगलं असेल तर तुमच्यावर ही जबाबदारी जरा जास्त आहे.

आमच्या दादीचा शब्द पुन्हा आठवतो. तगई म्हणजे बळ देणं. ते आपल्या घरातल्या राबणाऱ्या माणसापर्यंत पोहोचायचं असेल, तर कागदावर आधी तिचं नाव लागायला हवं.